दर आणि व्याख्या : मॉरिशसची कंपनी-करनीती आणि न्यायाचा प्रश्न

कंपन्यांवरील कराची चर्चा बहुधा टक्केवारीपाशी सुरू होते आणि टक्केवारीपाशीच संपते. अमुक देशाचा दर १५, तमुक देशाचा २५, म्हणून पहिला उदार आणि दुसरा कठोर, असा हिशेब वर्तमानपत्रांपासून विधिमंडळांपर्यंत सर्वत्र मांडला जातो. परंतु दर हा करकायद्याचा सर्वांत ठळक आणि कदाचित सर्वांत कमी महत्त्वाचा भाग असतो. कोणती कंपनी आपल्या देशाची निवासी मानायची, नफा कोणत्या भूमीवर झाला असे धरायचे, परदेशात भरलेला कर किती मानायचा, हे ठरवणाऱ्या व्याख्या कायद्याच्या मधल्या कलमांत असतात, आणि कराचा भार कोणाच्या खांद्यावर जाणार हे मुख्यतः तिथेच ठरते. लहान राष्ट्रांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे, कारण त्यांच्या कायद्यातील एखाद्या व्याख्येचे परिणाम त्यांच्या सीमेपलीकडच्या, त्यांच्याहून कितीतरी पट मोठ्या अर्थव्यवस्थांत उमटतात. या विधानाची तपासणी करण्यासाठी मॉरिशस या हिंदी महासागरातील बेटाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

गोव्याच्या निम्म्याहून थोडे अधिक क्षेत्रफळ आणि साधारण साडेबारा लाख लोकसंख्या असलेले हे प्रजासत्ताक १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. मराठी वाचकाला ते परके नाही. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय तिथे गेले, त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती; तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मुंबईच्या शेअर बाजारात मॉरिशसचे नाव ज्या कारणाने उच्चारले गेले, त्याचा या कुटुंबांशी फारसा संबंध नव्हता.

स्वातंत्र्यापूर्वी या बेटाचे भवितव्य अंधारमय मानले जात असे. १९६० साली दोन भीषण चक्रीवादळांनी उसाचे पीक झोपवले, आणि त्यानंतर ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या नेतृत्वाखालील पाहणीचा १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल वाढती लोकसंख्या, एकच पीक आणि बेरोजगारी यांकडे बोट दाखवून अत्यंत सावध, जवळजवळ निराश सुरात बोलत होता. मीड यांना पुढे १९७७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मॉरिशसविषयीचा त्यांचा अंदाज मात्र चुकला. तो का चुकला याची अनेक कारणे दिली जातात. १९७५ च्या लोमे कराराबरोबर युरोपने वर्षाला सुमारे ५ लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले, आणि तो भाव पुष्कळदा जागतिक बाजारापेक्षा बराच वर असे. या जादा उत्पन्नाचा एक भाग सरकारने साखरेवरील निर्यातकराच्या रूपाने काढून घेतला, आणि हा कर मोठ्या मळेवाल्यांवर अधिक, लहान ऊसकऱ्यांवर कमी असा बसवलेला होता.

या निर्यातकराकडे क्षणभर थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण पुढच्या साऱ्या इतिहासाशी त्याचा विरोधी संबंध आहे. ऊस पळून जात नाही. मळा, गिरणी, गोदी यांपैकी काहीच उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही. म्हणून जमिनीला बांधलेल्या उत्पन्नावर चढत्या प्रमाणात कर बसवणे सरकारला शक्य झाले, आणि त्या पैशातून मोफत आरोग्यसेवा, १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण आणि सर्व वृद्धांना मिळणारे निवृत्तिवेतन यांना हातभार लागला. सार्वजनिक वित्तशास्त्रात करन्यायाचे दोन अर्थ केले जातात. सारखे उत्पन्न असणाऱ्यांनी सारखा कर भरावा, हा समपातळीचा न्याय; अधिक ऐपत असणाऱ्याने अधिक प्रमाणात भरावा, हा उतरंडीचा न्याय. साखरेच्या करात दुसऱ्या न्यायाचा अंश स्पष्ट दिसत होता. १९९० च्या दशकात हा कर रद्द झाला, आणि त्याच दशकात देशाच्या उत्पन्नाचा मोठा आधार अशा व्यवसायाकडे सरकू लागला की जो एका सहीने दुसऱ्या देशात जाऊ शकतो.

येथे आणखी एक संकल्पना स्पष्ट केली पाहिजे. कंपनी कर भरते असे म्हणणे व्यवहारात बरोबर असले तरी अर्थशास्त्रात ते अपुरे आहे, कारण कंपनी ही कायदेशीर व्यक्ती असली तरी तिला पोट नसते. तिने भरलेला कर शेवटी भागधारकाच्या लाभांशातून, कामगाराच्या वेतनातून किंवा ग्राहकाच्या खिशातून जातो. कर कोण भरतो आणि त्याची झळ कोणाला बसते, या दोन प्रश्नांतील अंतराला करभाराचे संक्रमण म्हणतात. लहान आणि खुल्या अर्थव्यवस्थेत भांडवल मुक्तपणे ये-जा करू शकत असेल, तर त्याच्यावर बसवलेला कर हळूहळू जे जाऊ शकत नाहीत त्यांच्याकडे, म्हणजे जमीन आणि श्रम यांच्याकडे सरकतो, असा अर्थशास्त्राचा प्रस्थापित निष्कर्ष आहे. लहान देशांचे अर्थमंत्री कमी दरांचे समर्थन करताना नेमका हाच आधार घेतात, आणि तो आधार खोटा नाही. मात्र हा निष्कर्ष खऱ्या कारखान्याला जसा लागू पडतो तसा कागदी कंपनीला पडत नाही, ही बाब या समर्थनात सहसा गाळली जाते.

मॉरिशसने दोन्ही प्रयोग केले. पहिला १९७० च्या निर्यातप्रक्रिया क्षेत्राच्या कायद्याचा; एदुआर लिम फात यांना त्या कल्पनेचे जनक मानले जाते. कच्चा माल शुल्कमुक्त, नफ्यावर दीर्घ करसवलत आणि कामगार कायद्यांत शिथिलता अशी ती योजना होती. तिच्यामुळे हाँगकाँगचे भांडवल आले, कापड आणि तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले आणि हजारो स्त्रिया प्रथमच रोजंदारीवर आल्या. सवलत दिली गेली, पण तिच्या बदल्यात शिलाईयंत्रे आली, पगार आले. दुसऱ्या प्रयोगात यंत्रे आली नाहीत.

त्याची बीजे एका साध्या कागदात होती. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर आकारू नये म्हणून दोन सरकारे परस्परांत जो करार करतात त्याला दुहेरी करनिवारण करार म्हणतात, आणि भारत व मॉरिशस यांच्यात असा करार १९८२ मध्ये झाला. त्याच्या १३ व्या कलमानुसार मॉरिशसच्या निवासी व्यक्तीने भारतीय कंपनीचे शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर कर आकारण्याचा हक्क फक्त मॉरिशसला होता; आणि मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर करच नव्हता. दुहेरी कर टाळण्यासाठी केलेल्या कराराने दुहेरी करमुक्ती निर्माण झाली. हे दहा वर्षे कोणाच्या फारसे लक्षात आले नाही, कारण १९८० च्या दशकातील भारतात परकीय भांडवलाला शेअर बाजाराचा दरवाजाच बंद होता. १९९२ मध्ये दोन गोष्टी एकत्र घडल्या: भारताने परकीय संस्थात्मक गुंतवणूकदारांना बाजार उघडला आणि मॉरिशसने परदेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पुढील अडीच दशकांत भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश गुंतवणूक कागदोपत्री या लहानशा बेटावरून आली.

अशी एक कंपनी जवळून पाहिली तर तिची रचना आश्चर्यकारकपणे साधी दिसते. राजधानी पोर्ट लुईच्या दक्षिणेला, पूर्वी ऊस उभा असलेल्या जमिनीवर वसवलेल्या एबेन येथील काचेच्या इमारतीत एका व्यवस्थापन संस्थेच्या पत्त्यावर ती नोंदलेली असते. त्याच पत्त्यावर इतर अनेक कंपन्याही असतात. जागतिक व्यवसायाचा परवाना मिळवण्यासाठी तिला मॉरिशसमध्ये राहणारे किमान दोन संचालक, मॉरिशसमधील बँकेत मुख्य खाते, मॉरिशसमध्ये ठेवलेले आणि तिथेच तपासलेले हिशेब, आणि या दोन संचालकांची हजेरी असलेल्या बैठका एवढे दाखवावे लागे. हे दाखवले की करखाते निवासाचा दाखला देई. गुंतवणुकीचा निर्णय न्यूयॉर्कमध्ये होवो, लंडनमध्ये होवो की पुन्हा मुंबईतच होवो, दाखल्यावर शिक्का पोर्ट लुईचाच असे. सूचिबद्ध नसलेल्या एखाद्या भारतीय कंपनीचे शेअर मुंबईतील गुंतवणूकदाराने विकले तर त्याला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, महागाईची वजावट घेऊन, त्या काळी २० टक्के कर पडे. तेच शेअर, तेवढ्याच काळासाठी, एबेनच्या पत्त्यावरून घेतले असतील तर दोन्ही देशांत मिळून शून्य. समपातळीचा न्याय भंग पावला तो या ठिकाणी, आणि तो कोणत्याही दरामुळे नव्हे तर ‘निवासी’ या एका शब्दामुळे. देशातलाच पैसा बाहेर जाऊन बेटावरून परत येतो, या प्रदक्षिणेची चर्चाही याच शब्दाभोवती फिरत राहिली.

लाभांश, व्याज इत्यादी इतर उत्पन्नाची कथा वेगळी, पण शिकवण तीच. मॉरिशसचा जाहीर दर १५ टक्के. परदेशातून आलेल्या उत्पन्नावर परदेशात भरलेला कर वजा मिळणे हे सर्वत्र मान्य तत्त्व आहे. परंतु तेथील नियमानुसार जागतिक परवानाधारक कंपनीने परदेशी कर भरल्याचा पुरावा दिला नाही तरी मॉरिशसच्या कराच्या ८० टक्के इतका कर तिने परदेशात भरलाच आहे, असे गृहीत धरले जाई. शंभर रुपयांच्या नफ्यावर कर १५, त्यातले १२ भरल्याचे मानलेले, उरले ३. जाहीर दराऐवजी प्रत्यक्ष हातात पडणारा हा जो दर, त्याला प्रभावी दर म्हणतात. न भरलेला कर भरला असे मानणारी ही तरतूद करकायद्यातील कल्पनारम्य वाङ्मयाचा उत्तम नमुना म्हणावी लागेल.

या साऱ्यात भारत फसवला गेला, असे चित्र रंगवणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. १९९४ मध्ये भारताच्या प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून हा नफा भारतात करपात्र नसल्याचे स्वतःच स्पष्ट केले. २००० च्या सुरुवातीला मुंबईतील आयकर अधिकाऱ्यांनी काही मॉरिशस-स्थित गुंतवणूकदारांना नोटिसा काढल्या, बाजार कोसळू लागला, आणि तत्कालीन अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्या स्पष्टीकरणानंतर १३ एप्रिल २००० रोजी ७८९ क्रमांकाचे परिपत्रक आले: निवासाचा दाखला हा पुरेसा पुरावा समजावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते रद्द केले; सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००३ रोजी आझादी बचाओ आंदोलन खटल्यात ते पुन्हा वैध ठरवले. कर भरण्यास पात्र असणे आणि प्रत्यक्ष कर भरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भांडवलाची गरज असलेला विकसनशील देश अशा मार्गाकडे जाणीवपूर्वक डोळेझाक करू शकतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. भारताला भांडवल हवे होते. त्याची किंमत महसुलाच्या रूपाने मोजण्याची त्याची तयारी होती. करारातील अन्याय होता तो दोन सरकारांमध्ये नव्हे, तर भारतातील करदात्या-करदात्यांमध्ये.

आफ्रिकेत मात्र हाच न्याय लावता येत नाही. मॉरिशसने त्या खंडातील अनेक देशांशी असेच करार केले, आणि तेथील सरकारांजवळ ना भारतासारखी बाजारपेठ होती ना वाटाघाटीचे बळ. ज्या देशात रुग्णालयाला औषधे पुरत नाहीत, त्या देशातील खाणीचा किंवा दूरध्वनी कंपनीचा नफा तीन टक्क्यांच्या वाटेने बाहेर जावा, याला परस्परसंमती म्हणणे कायद्याला परवडेल, नीतीला नाही. रवांडाने २०१३ मध्ये करार बदलून घेतला, केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या देशाचा करार प्रक्रियेच्या कारणावरून रद्दबातल ठरवला, आणि सेनेगल व झांबिया यांनी आपापले करार संपुष्टात आणले. एक लहान राष्ट्र स्वतःच्या विकासासाठी जी सवलत देते, ती पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या तिजोरीतली नसते. दात्याला काहीच गमवावे लागत नाही, म्हणून हा औदार्याचा प्रकार इतका सहज पसरतो. मॉरिशसला तीन टक्के मिळाले, ते नसते तर त्याला शून्य मिळाले असते. उरलेले कोणाचे होते, हा प्रश्न त्याच्या अंदाजपत्रकात कुठेच उमटत नाही.

बेटाच्या आतला हिशेब त्यामानाने गुंतागुंतीचा आहे. वित्तसेवा क्षेत्र तेथील राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे आठव्या हिश्शाइतके वाढले, आणि त्याने लेखापाल, वकील, बँक कर्मचारी अशी सुशिक्षित मध्यमवर्गीय पिढी घडवली, जिच्या आजोबांनी ऊस तोडला होता. २००५ पासून विद्यार्थी आणि वृद्ध यांना बसप्रवास मोफत आहे. २००६ नंतर सरकारने वैयक्तिक आणि कंपनी दोन्ही करांचा दर १५ टक्क्यांवर आणला. मूल्यवर्धित करही, १९९८ मध्ये १० टक्क्यांनी सुरू होऊन, १५ वर पोचला होता. सगळीकडे एकच आकडा, ही रचना दिसायला नेटकी आणि समजायला सोपी. पण क्वात्र बोर्न शहराच्या बाजारात खरेदी करणारी मोलकरीण आणि एबेनचा निधी व्यवस्थापक, काही जीवनावश्यक जिनसा वगळता, बाजारातल्या वस्तूवर सारख्याच दराने कर भरत असतील, आणि तो व्यवस्थापक ज्या कंपन्यांचे हिशेब सांभाळतो त्या तीन टक्क्यांवर असतील, तर १५ या आकड्याची समता कागदावरच राहते. हे तेथील राज्यकर्त्यांनाही कळत होते. २०१७ मध्ये वस्तू निर्यात करणाऱ्या देशी कंपन्यांनाही तीन टक्क्यांचा दर देण्यात आला, म्हणजे समपातळीचा न्याय साधण्यासाठी वरच्याला खाली आणण्याचा मार्ग पत्करला गेला. २०२३ मध्ये वैयक्तिक उत्पन्नावर शून्यापासून २० टक्क्यांपर्यंत चढत जाणारे टप्पे पुन्हा आणले गेले, आणि एकच दर सर्वांना न्याय देतो हा सतरा वर्षांपूर्वीचा विश्वास निमूटपणे मागे घेतला गेला.

बाहेरून बदल आधीच सुरू झाला होता. भारताशी असलेल्या कराराच्या, १० मे २०१६ रोजी पोर्ट लुई येथे सही झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरील नफ्याचा करहक्क भारताकडे आला. संक्रमणाच्या पहिल्या दोन वर्षांत निम्म्या दराची सवलत होती, पण ती मिळवण्यासाठी कंपनी केवळ नावापुरती नसावी अशी अट घातली गेली. आणि नावापुरती म्हणजे काय, हे आकड्यात सांगितले गेले: मागील बारा महिन्यांत मॉरिशसमधील कामकाजावर किमान २७ लाख भारतीय रुपये खर्च. शेकडो कोटींची गुंतवणूक सांभाळणाऱ्या कंपनीच्या खरेपणाची कसोटी मुंबईतील एका बऱ्या पगाराइतक्या रकमेवर ठरावी, यात विनोद आहे. तरीही ‘निवासी’ या शब्दाला पत्त्यापलीकडचा काही अर्थ असला पाहिजे हे करारात प्रथमच लिहिले गेले, याचे महत्त्व कमी नाही. २०१८ च्या कायद्याने गृहीत परदेशी कराची ती कल्पनारम्य तरतूद काढून टाकली आणि तिच्या जागी ठरावीक प्रकारच्या उत्पन्नाच्या ८० टक्के भागाला थेट करमुक्ती दिली, मात्र प्रत्यक्ष कर्मचारी आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या अटीवर. हिशेब करणाऱ्याला उत्तर पुन्हा तीन टक्केच मिळते. तरीही २०२० च्या फेब्रुवारीत पैशाच्या अवैध व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाने मॉरिशसला करड्या यादीत टाकले, युरोपीय संघानेही जोखमीच्या देशांत त्याची गणना केली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कृती दलाच्या यादीतून सुटका होईपर्यंत त्या बेटावर जी धावपळ झाली, तिच्यावरून व्याख्येच्या बदलाला दराच्या बदलापेक्षा किती अधिक भ्यावे लागते ते दिसले.

आता १५ हाच आकडा दुसऱ्या वाटेने परत आला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सव्वाशेहून अधिक देशांनी मान्य केलेल्या योजनेनुसार वर्षाला ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय समूहाने प्रत्येक देशात किमान १५ टक्के प्रभावी कर भरला पाहिजे. तो कमी पडला तर उरलेला भाग मूळ कंपनीचा देश वसूल करू शकतो. ज्या देशात खरे कामगार आणि खरी मालमत्ता आहे तिथे वेतन आणि मालमत्ता यांच्या प्रमाणात काही सूट मिळते, म्हणजे शिलाईयंत्र आणि पत्त्याची पाटी यांतला फरक या योजनेने ओळखला आहे. मॉरिशसला आजवर परक्या तिजोरीतून सवलत देता येत होती. या योजनेखाली त्याने तीनच टक्के घेतले तर उरलेले बारा पॅरिस किंवा टोकियो घेऊ शकते, आणि कंपनीला त्यातून काहीच मिळत नाही. सवलत देणारा प्रथमच स्वतःचे नुकसान करून घेतो. म्हणून तेथील सरकारनेही तो फरक आपणच वसूल करणारा पूरक कर स्वीकारला. ७५ कोटी युरोंच्या खालचे समूह मात्र या योजनेच्या बाहेर आहेत, आणि एबेनच्या इमारतींतील त्यांच्या कंपन्यांना दोन स्थानिक संचालक, स्थानिक बँकेतील मुख्य खाते आणि उत्पन्नाच्या ८० टक्के भागावरील करमुक्ती ही परिभाषा अजून पुरते.